वेडा नव्हे, पण नकाशा हवा होता
‘इन टू द वाइल्ड’ या सत्यकथेवरच्या पुस्तकातला (आणि सिनेमातला) क्रिस, अलास्काच्या रानात एकटा राहायला गेलेला तरुण, निव्वळ वेडा होता, असं काहीजण म्हणतात. मला नाही पटत. वेड्याला पश्चात्ताप होत नाही; त्याला झाला. मूसचा (तिकडच्या भल्यामोठ्या हरणाचा) प्रसंग घ्या: एवढं मोठं जनावर मारलं, पण मांस टिकवणं जमलं नाही. माश्या घोंघावल्या, अळ्या पडल्या. पोटात भूक आणि समोर कुजणारा ढीग!

चुकलं ते नदीपाशी. एप्रिल १९९२मध्ये पाणी कमी असताना त्याने टेक्लानिका नदी ओलांडली; जुलैत परतताना ती दुथडी वाहत होती. जवळच तारेवरून हाताने ओढायचा पाळणा होता, पण त्याच्याकडे धड नकाशाच नव्हता, म्हणून तो कळलाच नाही. (घाटात भटकणाऱ्यांनी हे वाचावंच.)

तो रानातल्या ज्या पडीक बसमध्ये राहिला आणि शेवटी मेला, ती बस २०२०मध्ये हेलिकॉप्टरने उचलून नेली. तिच्यापर्यंत जाण्याच्या नादात दोघीजणी त्याच नदीत बुडाल्या होत्या.