आलू मागितले, अळू मिळालं!

संत्रानगरी: मी नागपूरची, लग्न होऊन पुण्यात. परवा भाजीवाल्या काकांना ‘आलू द्या ना जी’ म्हटलं, तर त्यांनी अळूच्या दोन जुड्या पिशवीत कोंबल्या! सासूबाई अजून हसतायत. आमच्याकडे आलूबोंडा, इथे बटाटेवडा. हा ‘बटाटा’ आला कुठून?

मांडवीकाठ: पोर्तुगीजांकडून. पण शब्द मूळचा त्यांचाही नाही. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा ‘बटाटा’ म्हणजे चक्क रताळं! खऱ्या बटाट्याला पेरू देशातल्या डोंगरांत, केचुआ भाषेत, ‘पापा’ म्हणतात. स्पेनमध्ये दोन्हींची खिचडी होऊन ‘पटाटा’ झालं. स्पॅनिश बोलणाऱ्या लॅटिन अमेरिकेत अजून पापाच.

संत्रानगरी: म्हणजे उपासाच्या ताटात बटाटा नि रताळं नावाचेही सोयरे! आणि आलू?

जुनी_पाटी: संस्कृत ‘आलु’, ‘आलुक’ म्हणजे खायचा कंद. बटाटा भारतात यायच्या कितीतरी आधीचा शब्द. नवा कंद आला, जुनं नाव त्याला चिकटलं. आपलं अळूही त्याच घरातलं, तेव्हा काका अगदीच चुकले नाहीत. आलूबुखाऱ्यातला आलू मात्र फारसी, त्याचा कंदाशी संबंध नाही.

स्टुटगार्टकर: इथे जर्मनीत ‘कार्टोफेल’. मूळ इटालियन शब्द ट्रफलचा, म्हणजे जमिनीखालच्या महागड्या अळंबीचा. आमच्या कॅन्टीनमधले उकडलेले गोळे बघून पटत नाही.

संत्रानगरी: सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, ‘ते सगळं ठीक, पण एवढं फदफदं खाणार कोण?’