'झ्लाता प्राहा'चा जुना खंड भेट द्यायचाय, कुठला घेऊ?

प्राग_पुणेकरीण: आमच्या घरमालकीणबाई ८० च्या होतायत. त्यांच्या आजोबांकडे 'झ्लाता प्राहा' हे चेक सचित्र साप्ताहिक यायचं. त्यातली आवडती चित्रं कापून आजोबा कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचे, हे त्या दर वेळी सांगतात. बांधीव खंड द्यावा म्हणते. बजेट दीड हजार चेक कोरुना, त्याच्या वर नाही.

ब्रनोकर: त्यापेक्षा 'स्व्येतोझोर' हे दुसरं सचित्र साप्ताहिक घ्या, डोळे मिटून. माझ्याकडे १८८१ चा आहे, साडेचार हजारांना पडला. त्याच ऑगस्टमध्ये प्रागचं राष्ट्रीय नाट्यगृह जळालं. घरी येणारा प्रत्येक जण तोच खंड मागतो.

मेधा_पिल्झेन: पानं मोजून घ्या!! मी ऑनलाइन मागवला, तर आतली सहा मोठी चित्रं ब्लेडने कापलेली. फ्रेम करून सुटी विकतात. विकणाऱ्याने फोटो फक्त कव्हरचे टाकले होते. पैसे गेले ते गेले.

दादरचा_बंड्या: 'झ्लाता प्राहा' १८६४ चं ना? मग पहिला खंडच शोधा.

ब्रनोकर: १८८४. प्रकाशक यान ओट्टोने काढलं, १९२९ पर्यंत चाललं.

दादरचा_बंड्या: १८६४ लाच निघालं होतं, कवी हालेक संपादक असताना.

जुना_कागद: दोघांचंही बरोबर आहे. १८६४ चं वर्षभरात आटोपलं, १८८४ ला ओट्टोने तेच नाव घेऊन नव्याने काढलं. आपल्याकडे केतकरांचा ज्ञानकोश तसा चेक लोकांकडे ओट्टोचा, तोच हा प्रकाशक. १८९९ मध्ये 'स्व्येतोझोर'ही त्याच्या 'झ्लाता प्राहा'त विलीन झालं.
खंड घेताना सुरुवातीच्या वर्षांतला बघा, त्यात लाकडी ठशांवरची चित्रं मिळतात. मोठं चित्र एका ठोकळ्यावर मावत नसे. बॉक्सवुड या कठीण लाकडाचे छोटे ठोकळे बोल्टने जोडायचे आणि वेगवेगळ्या कारागिरांना कोरायला द्यायचे. चित्र तिरपं धरा, आभाळाच्या भागात कधी कधी केसाएवढी पांढरी रेघ दिसते. तो सांधा. पुढे फोटो वाढले आणि ही कला मागे पडली.

स्मिता_ओलोमोउत्स: इतकं जुनं कशाला? 'पेस्त्री तीडेन'चे सुटे अंक घ्या. १९२६ चं साप्ताहिक, सुरुवातीला पत्रकार मिलेना येसेन्स्का संपादनात होती. काय छपाई आहे! माझ्याकडे ४० अंक आहेत.

ठाणे_ते_प्राग: पैसे कशाला घालवताय? चेक नॅशनल लायब्ररीच्या 'क्रामेरियस' या डिजिटल संग्रहावर फुकट बघता येतं. प्रिंट काढा, फ्रेम करा.

मेधा_पिल्झेन: ८० वर्षांच्या बाईंना प्रिंटआउट?? आणि परत सांगते, पानं मोजा.

प्राग_पुणेकरीण: मोजली, मेधाताई. काल अँटिक्वारियाटमध्ये, म्हणजे जुन्या पुस्तकांच्या दुकानात, १९१२ चा खंड घेतला, बाराशेला. पाठ निघालेली, नऊ चित्रं कापलेली. त्याच किमतीत दुसरा एक अखंड होता, दुकानदार तोच घ्या म्हणत होता. पण १९१२ हे बाईंच्या वडिलांचं जन्मसाल, आणि कापलेल्या चौकोनांतून मागचं पान दिसलं तेव्हा मला त्यांचं ते कपाटच आठवलं. पाठ चिकटवायला प्रागमध्ये कोणी बाइंडर माहीत आहे का? वाढदिवस २२ तारखेला आहे.