2017 च्या ट्रकचं बॉडी कंट्रोल मॉड्यूल खरंच गेलंय का? बदलण्याआधी सल्ला हवाय

निफाडचा_कांदेवाला

नमस्कार मंडळी. माझी सहा चाकी गाडी आहे, 2017 ची, बीएस4, 24 व्होल्ट. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, उगाच त्यावरून वाद नकोत. लासलगाव-वाशी कांद्याची लाईन चालू असते. गेल्या महिन्यात कसारा घाटात रात्री धो धो पाऊस आणि वायपर मधेच बंद, दोन मिनिटांनी आपोआप चालू, ड्रायव्हरने गाडी साईडला घेतली तर हझार्ड लावल्यावर डावीकडचे इंडिकेटर लागेनात आणि केबिनमधला दिवा मात्र हॉर्न दाबला की मंद पेटायचा, भुताटकीच म्हणा ना. सकाळी बॅटरी बसलेली. तेव्हापासून हे असंच चाललंय, एक दिवस सगळं ठीक, दुसऱ्या दिवशी परत तेच.

वर्कशॉपला नेली, त्यांनी स्कॅनर लावला, बिघाडाचे पाच-सहा कोड निघाले, म्हणाले बीसीएम (बॉडी कंट्रोल मॉड्यूल, दिवे-वायपर-इंडिकेटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलंय, नवीन 31,500 आणि प्रोग्रामिंग-मजुरी वेगळी. आमचा बॉडीवाला तर म्हणतो, मी गाडीची बॉडी बांधली, त्यात कुठलं कंट्रोल मॉड्यूल बसवलंच नाही 😄 त्याला समजावता समजावता दमलो. कुर्ल्याच्या भंगारातून एकजण 9,000 ला जुनं देतोय. गाडी आठ वर्षांच्या पुढे गेली म्हणजे आता फिटनेस दरवर्षी, आणि पुढच्या महिन्यात तारीख आहे, इंडिकेटर चालू नसेल तर पास होणार नाही. जुनं टाकू का? नुसतं काढून घालायचं की अजून काही लागतं?

वायरमन_सांगली

दादा थांबा, एक रुपया पण घालू नका अजून. हॉर्न दाबल्यावर केबिनचा दिवा पेटतो हे तुम्ही लिहिलंत ना, तिथेच माझा कान टवकारला. करंटला परत जायला नीट वाट मिळाली नाही की तो दुसऱ्याच दिव्यातून, दुसऱ्याच वायरमधून वाट काढतो. हे अर्थिंगचं लक्षण आहे.

तुमची केबिन रबराच्या माउंटिंगवर बसलेली असते, ती टिल्ट होते. म्हणून केबिन ते चॅसिस अशी तांब्याच्या जाळीची एक पट्टी असते. आठ पावसाळे खाल्ले की तिच्या बोल्टखाली गंज धरतो, वरून दिसायला एकदम टाईट. मी असे तीन बीसीएम बघितलेत जे बदलले आणि गाडी जशीच्या तशी, शेवटी पट्टी घासली आणि काम झालं. ते जुने मॉड्यूल चांगलेच होते, गिऱ्हाईकाचे पैसे गेले ते गेले.

मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, हेडलाईट-वायपर-हझार्ड सगळं चालू ठेवा. आधी बॅटरीवर टोकाला व्होल्टेज बघा, साधारण 27-28 यायला हवं. मग काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल प्रोब केबिनच्या उघड्या लोखंडाला. हे जवळपास शून्य हवं, अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेलं तर अर्थिंग खराब. कोडचं म्हणाल तर व्होल्टेज पडलं की मॉड्यूल वेडंवाकडं वागतं आणि सगळीकडून कोड टाकतं, त्यावरून मॉड्यूलच गेलं असं धरून चालणं म्हणजे ताप आला म्हणून डोकं बदलण्यासारखं आहे.

आणि एक खरं सांगा, टेप किंवा मोबाईल चार्जरसाठी दोन बॅटऱ्यांपैकी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट घेतलेत का? आणि पावसाळ्याआधी हौद्याला वेल्डिंग केलं होतं का?

निफाडचा_कांदेवाला

दोन्हीचं उत्तर हो 🙈 टेप एका बॅटरीवर आहे, आणि मे महिन्यात मागच्या फळीचा अँगल वेल्ड करून घेतला. बॅटरी काढली होती का ते विचारलं तर वेल्डर म्हणतो "काढायची असते का?"

घाटरस्ता_77

झालं मग. वेल्डिंग करताना दोन्ही बॅटरीचे टर्मिनल काढायचे आणि वेल्डिंगची अर्थ जिथे वेल्ड करतोय तिथेच जवळ लावायची, नाहीतर करंट चॅसिसभर फिरतो आणि ज्याच्यात इलेक्ट्रॉनिक्स आहे ते मारतो. आमच्याकडे एकाने पुढच्या बंपरला अर्थ लावून मागे वेल्ड केलं, इंजिनचं ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेलं त्याचं.

जुनं मॉड्यूल घेणार असाल तर स्टिकरवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळायला हवा. दिसायला सारखं, कपलर (वायरींचा जोड) पण बसतो, पण आतलं सॉफ्टवेअर दुसऱ्या मॉडेलचं. माझ्या मामाने असं बसवलं, हेडलाईट लागायचे पण वायपरची मधली स्पीड कायमची गायब आणि बझर वाजत राहायचा, वर्कशॉपने सांगितलं की दुसऱ्या गाडीचा चॅसिस नंबर आत बसलाय, आम्ही लिहू शकत नाही. 7,000 पाण्यात.

कोथरूड_ते_मिशिगन

मी ट्रकवाला नाही, इकडे माझ्याकडे 2004 चा पिकअप आहे त्यावरून सांगतो. त्याचं बीसीएम मी स्वतः बदललं, चार स्क्रू आणि तीन कपलर, अर्ध्या तासाचं काम. पण नंतर गाडी सेल्फ मारायची आणि लगेच बंद पडायची, कारण चोरीविरोधी सिस्टिम नव्या मॉड्यूलला ओळखत नव्हती. माझ्या गाडीला सुदैवाने घरच्या घरी शिकवता येतं, किल्ली फिरवून 10 मिनिटं वाट बघायची, असं तीन वेळा. थंडीत अर्धा तास नुसता त्या दिव्याकडे बघत बसलो होतो. तुमच्या गाडीची पद्धत वेगळी असेल, पण खोलण्याआधी हे विचारून घ्या की प्रोग्रामिंग कोण करणार आणि गाडी तिथे न्यावी लागेल का.

निफाडचा_कांदेवाला

वायरमन दादा, आज दिवसभर गाडीखाली होतो. बॅटरीवर 27.8. आणि तुम्ही सांगितलं तसं केबिनच्या लोखंडाला लावलं तर 4.1 व्होल्ट!! मी दोनदा बघितलं. केबिन टिल्ट केली, ती पट्टी हाताने ओढली तर घट्ट, बोल्ट खोलला तर खाली चहाच्या गाळासारखा गंज आणि पट्टीचे अर्धे धागे तुटलेले. तात्पुरती जंपर केबल लावून बघितली, बॅटरीच्या निगेटिव्हवरून केबिनला, आणि वायपर असा पळाला की क्लीनर टाळ्या वाजवायला लागला. नवीन पट्टी टाकली, दोन्हीकडचा रंग पॉलिश पेपरने घासून, वर ग्रीस. 340 रुपये.

केबिनच्या दिव्याची भुताटकी गेली. बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या तर एक 12.7 आणि टेपवाली 11.9, म्हणजे ती रात्रभर का बसायची ते पण कळलं. टेप काढून टाकला, 24 चं 12 करणारा कन्व्हर्टर लावतो आता.

पण डावीकडचे इंडिकेटर अजून बंदच. बल्ब चांगले, बाहेरून 24 दिलं तर पेटतात. मॉड्यूलच्या कपलरवर त्या पिनला काहीच येत नाही.

वायरमन_सांगली

मग तेवढा एक आउटपुट आतून गेलाय, म्हणजे मॉड्यूल थोडं का होईना खरंच खराब आहे. पण थांबा. नवीन लगेच बसवू नका, तो आउटपुट मेला कशाने ते आधी शोधा, नाहीतर नवीन पण त्याच वायरवर मरेल. कपलर काढा, बॅटरी काढा, डाव्या बाजूचे सगळे बल्ब काढा, आणि हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूने ती डावी इंडिकेटर वायर ते चॅसिस असा रेझिस्टन्स बघा. ओपन, म्हणजे कुठेच जोड नाही, असं दाखवायला हवं. काही ओहम आले तर वायर कुठेतरी लोखंडाला लागतेय. आणि त्या वायरवर साईडच्या एलईडी पट्ट्या जोडल्यात का हो? खरं सांगा 😄

कॅनची लाईन (ज्या दोन वायरींवरून मॉड्यूल एकमेकांशी बोलतात ती) पण बघून घ्या त्याच वेळी, कॅन-हाय आणि कॅन-लो मध्ये बॅटरी काढलेली असताना 60 च्या आसपास ओहम यायला हवेत. 120 आले तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा वायर तुटलीय.

निफाडचा_कांदेवाला

कॅन 61 आले, ते ठीक. इंडिकेटर वायर 3 ओहम. एलईडी जोडल्या होत्या, दोन्ही साईडला, वर नाचणाऱ्या. तुम्हाला कसं कळतं हो सगळं.

वायर शोधत शोधत मागे गेलो. मे मध्ये जो अँगल वेल्ड केला त्याच्याच खाली हार्नेस चिमटलेला, वरची इन्सुलेशन टेप वितळून वायरला चिकटलेली आणि आतलं तांबं हिरवं पडलेलं. बोटभर जागा होती फक्त. तेवढा तुकडा कापून सोल्डर केला, वर स्लीव्ह, आणि अँगलपासून लांब क्लिप मारली. आता ओपन दाखवतंय.

निफाडचा_कांदेवाला

शेवटचं अपडेट, उशिरा टाकतोय त्याबद्दल माफी, सीझन चालू होता. भंगारातलं घेतलं नाही. त्या माणसाने फोटो पाठवला, पार्ट नंबरचं शेवटचं अक्षर वेगळं होतं, घाटरस्ता भाऊंनी सांगितलं नसतं तर घेतलंच असतं. नाशिकला एकजण बोर्ड रिपेअर करतो, त्याने मॉड्यूल खोलून जळालेली चिप दाखवली, मिरीच्या दाण्याएवढा काळा डाग. बदलून दिली 4,200 ला. मॉड्यूल तेच असल्यामुळे प्रोग्रामिंगची भानगडच नाही. काढताना-घालताना बॅटरीचे टर्मिनल काढून दहा मिनिटं थांबलो. महिना झाला, इंडिकेटर चालू, फिटनेस पास.

एलईडी काढल्या म्हणून ड्रायव्हर दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता.

घाटरस्ता_77

वेगळ्या रिलेवर आणि वेगळ्या फ्यूजवर लावून द्या, इंडिकेटरच्या वायरवर नको. नाचू दे बिचाऱ्याच्या. आणि त्या नाशिकवाल्याचं दुकान कुठल्या भागात आहे ते मला मेसेज करा, मामाचं मॉड्यूल अजून माळ्यावर पडून आहे.