वयं खोटी नाहीत, गोळाबेरीज आहे
कुणीतरी विचारलंय की १८४१ च्या जनगणनेत अख्ख्या इंग्लिश खेड्याची वयं २०, २५, ३० अशीच कशी? लबाडी नाही हो. पंधरावरच्यांचं वय खालच्या पाचाच्या पटीत उतरवायची सूचनाच होती. ३९ चा गडी कागदावर ३५ चा! जन्मगावही नाही, फक्त याच काउंटीतला (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागातला) की नाही एवढंच. पूर्वज शोधायचे तर मी १८५१ च्या जनगणनेपासूनच सुरुवात करा म्हणेन. त्यात कुटुंबप्रमुखाशी नातं, जन्माचा पॅरिश (चर्चच्या हद्दीतला गावभाग), सगळं सापडतं. बेडफर्डशर या इंग्लिश काउंटीतल्या खेड्यांची पानं उघडा: नवऱ्यापुढे ‘ॲग लॅब’, म्हणजे शेतमजूर, आणि बायको-पोरींपुढे गव्हाच्या काड्यांच्या वेण्या विणणं, टोप्यांसाठी. अगदी लहान पोरंसुद्धा! १९३१ ची मात्र शोधत बसू नका, ती १९४२ च्या आगीत जळाली. १९४१ ची तर युद्धामुळे झालीच नाही.