पाणी पाणी करत होता... (मधुमेह आहे हे कसं कळलं? अनुभव लिहा)

रानजाई
परवा माळा आवरताना एक लाल वॉटरबॅग हाती लागली, पट्टा तुटलेली. धाकट्या भावाची, १९९४ ची. तेव्हा तो पाचवीत. घरून भरून दिलेली बॅग शाळेच्या फाटकाशी जाईस्तोवर रिकामी, मग दिवसभर नळाला तोंड. बाईंनी डायरीत लिहून दिलं 'सारखा एकीला जातो, वर्गात लक्ष नाही', त्यावर बाबांचा धपाटा. रात्री गादी ओली व्हायला लागली म्हणून आईने सातनंतर पाणी बंद केलं. आठवलं की अजून पोटात कालवतं. खायचा बकासुरासारखा आणि चड्डी कमरेवर ठरेना, आजीने नाडी ओवून दिली आणि निदानही केलं, जंत! मग एका रविवारी उलट्या, पोटदुखी, धाप लागल्यासारखा खोल श्वास आणि तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा गोडूस वास. गावात पोटदुखीचं इंजेक्शन झालं, तालुक्याला नेईस्तोवर शुद्ध जात आलेली. शुगर ५४०. टाइप १. आजीचं एकच, 'लेकराने असं किती गोड खाल्लं?' गोड खाण्याशी याचा काही संबंध नाही, शरीरच आपल्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकतं, हे आमच्या डोक्यात शिरायला दोन वर्षं गेली.
भाऊ आता चाळिशी ओलांडलेला, मस्त आहे. तुमच्याकडे कसं कळलं? आधी काय दिसत होतं आणि तुम्ही त्याला काय समजलात तेही लिहा.

पोहेप्रेमी
मुंग्या. सासऱ्यांच्या मोरीत. सासूबाई लक्ष्मणरेषा ओढून ओढून थकल्या, खडू संपला पण मुंग्या नाही संपल्या :)

खडूस_काका
पोहेप्रेमी, हसू नका, लघवीला मुंग्या लागणं ही सुश्रुताच्या काळापासूनची टेस्ट आहे. मधुमेह नाव उगाच नाही पडलं.

अनामिका
नाव बदलून लिहितेय. खाली खाज. आधी वाटलं साबण बदलला म्हणून, मग वाटलं पावसाळा, कपडे वाळत नाहीत. मेडिकलवाल्याकडून तीनदा मलम आणलं, तेही मैत्रिणीला पाठवून. बरं व्हायचं नि पंधरा दिवसांत परत. शेवटी बाईडॉक्टरकडे गेले, तिने आधी शुगर लिहून दिली, उपाशीपोटी २१८. वय ३९, टाइप २, म्हणजे नेहमीचा मधुमेह. बायकांनो लाजू नका गं. परत परत होत असेल तर मलम ठेवा बाजूला.

मनीमाऊ
अनामिका, थँक्यू लिहिल्याबद्दल. माझ्या आईचं डिट्टो हेच, ती तर कोणाला बोललीच नाही वर्षभर.

बंड्या४२
चष्मा. तीन महिन्यांत दोनदा नंबर बदलला, दुसऱ्यांदा दुकानदारच म्हणाला साहेब काच मी कितीही विकीन पण आधी शुगर बघा. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, ९.८ निघालं. औषध सुरू झाल्यावर नंबर परत खाली आला आणि दोन्ही चष्मे पडून आहेत, कोणाला हवेत का

घाटावरची
मला प्रेग्नन्सीत. ते ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी, लिंबू पिळलं तरी घशाखाली उतरत नव्हतं. दोन तासांनी १५८. आणि त्याच आठवड्यात डोहाळजेवण, ताटात पुरणपोळी, जिलबी, बासुंदी, जाऊबाई म्हणतात एक दिवस काय होतंय. पथ्यावर निभावलं, बाळ छान झालं. बाळंतपणानंतर सगळे म्हणाले गेली तुझी शुगर. डॉक्टरांनी दीड महिन्याने परत तपासायला सांगितलं होतं, नंतरही दरवर्षी. कोण जातंय, बाळाचं करू की लॅबच्या रांगेत उभी राहू. सात वर्षांनी पायाला जोडा चावला, जखम महिनाभर भरेना. तेव्हा गेले. आता गोळ्या.

नाशिककर
मेथीदाणे रात्री भिजवून सकाळी ते पाणी प्यायल्याने फरक पडतो का? जांभळाच्या बियांची पावडर पण ऐकली आहे

खडूस_काका
खा काय खायचं ते, गोळी बंद करू नका म्हणजे झालं. आणि इन्सुलिनवाल्याने तर अजिबात नाही. आमच्या ओळखीत एकाने काढ्यावर विसंबून टाइप १ च्या मुलीचं इन्सुलिन थांबवलं, चार दिवसांत आयसीयू.

पुणेरी_पाटी
मी बारीक. कॉलेजात काडी म्हणायचे. ३४ व्या वर्षी शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले टाइप २, गोळ्या. दीड वर्ष गोळ्या वाढतायत, शुगर पण वाढतेय आणि वजन उतरतंय, घरचे म्हणतात चोरून खातोस. बायकोने डबा तपासायला सुरुवात केली होती. दुसऱ्या डॉक्टरांनी जीएडी अँटीबॉडी (शरीर स्वतःच्याच इन्सुलिनच्या पेशींवर उठलंय का) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय) केलं, अँटीबॉडी पॉझिटिव्ह. म्हणजे टाइप १ चाच भाऊबंद, पण मोठेपणी आणि सावकाश येणारा, लाडा म्हणतात. लाड मात्र कोणी केले नाहीत. इन्सुलिन चालू झालं, महिन्यात माणसात आलो. बायकोने सॉरी म्हणून शिरा केला.

बंड्या४२
शिरा 😂😂

लॅबवाला
पुणेरी, पण बारीक माणसाला नेहमी लाडाच असतो असंही नाही हां. तुमच्या पुण्यातल्याच केईएमच्या डॉ. याज्ञिकांचा तो लॅन्सेटमधला फोटो शोधा, २००४ चा. ते आणि एक इंग्रज डॉक्टर, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सेम २२.३, पण चरबी इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या माणसाची २१.२. वरून काडी, आतून लोणी. त्यामुळे बारीक लोकांनाही टाइप २ होतोच. मी रोज रिपोर्ट छापतो म्हणून सांगतो, उपाशी १२६ किंवा जास्त, नाहीतर एचबीए१सी ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह, त्रास काही नसेल तर एकदा परत करून खात्री करायची. आणि रक्त कमी असेल तर डॉक्टरांना सांगा, लोह कमी असलं की एचबीए१सी खोटं वर दिसू शकतं.

मनीमाऊ
घरच्या मशीनचं पण सांगा. बाबांची ३१० आली, आम्ही रिक्षा बोलावली. आईने विचारलं हात धुतलेत का? नुकताच आंबा चोखून उठले होते. साबणाने धुऊन परत घेतली, १४२.

रानजाई
मनीमाऊ 🤣 हे भावाला पाठवते. त्याचा आमच्यासाठीचा धडा सुयांचा होता, इन्सुलिनची बाटली एका मिलीत ४० युनिटवाली तर सुई लाल टोपणाची. एकदा नारिंगी टोपणाची, म्हणजे १०० ची आली, बाबांनी तिच्यावरच्या रेघा मोजून भरली, डोस निम्म्याहूनही कमी! नशीब आईने टोपण बघितलं. आणि गावी फ्रिज नाही, लोडशेडिंग, बाटली डब्यात, डबा ओल्या वाळूच्या माठात.

सई_ची_आई
मी फक्त वाचत होते पण आता धडधडतंय. मुलगा सात वर्षांचा, दहा दिवस झाले गादी ओली करतोय, दोन वर्षांपूर्वी बंद झालेलं. पाणी पण खूप पितोय. मी काल ओरडले त्याला. सोमवारी दाखवते

रानजाई
सोमवार नको. आत्ता जा. कोपऱ्यावर कुठलीही लॅब, बोटातून रक्त, पाच मिनिटं. उलटी, पोटदुखी, जोराचा श्वास, झोपाळलेपणा काही असेल तर लॅबही नको, सरळ हॉस्पिटल.

पोहेप्रेमी
जा गं. आणि इथे कळव.

नाशिककर
मेथी उपाशीपोटी की जेवणाआधी?

सई_ची_आई
९८!!! लघवीत पण काही नाही. डॉक्टरांनी त्यालाच विचारलं तर म्हणाला शाळेतला बाथरूम घाण आहे म्हणून मी दिवसभर जातच नाही, पाणी पण नाही पीत, घरी येऊन पितो. दहा दिवसांत मला सांगितलं नाही आणि त्यांना दोन मिनिटांत. घरी येताना आईस्क्रीम मागितलं, दिलं.

खडूस_काका
सोमवारी शाळेत जाऊन तो बाथरूम बघून या.

घाटावरची
कुठलं आईस्क्रीम? आम्हाला वास तरी घेऊ दे