४ जीबीचा पीसी, दिवसाला दीड जीबी नेट: कोणतं लिनक्स उतरवू?

देवघेव_खिडकी

नमस्कार मंडळी. देवरुखकडच्या एका सार्वजनिक वाचनालयात (वर्ग 'ब') मी गेली अठरा वर्षं देवघेव सांभाळते. कॉम्प्युटर एकच: दुसऱ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. सकाळी कुलूप उघडून बटण दाबते, केर काढते, पेपर मांडते, तोवर कुठे पडद्यावर चित्र येतं. विंडोज १० आहे आणि त्याचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. ११ या मशीनवर बसत नाही. नवीन घ्यायचं तर कार्यकारिणी म्हणते, अनुदानाचा हप्ता येऊ दे. म्हणजे विषय संपला.

म्हणून लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली. तिच्या प्रकारांची (त्यांना डिस्ट्रो म्हणतात) यादी देणारी डिस्ट्रोवॉच ही साइट उघडली आणि घाबरून बंद केली. एवढी नावं! पहिल्या नंबरचं घ्यावं का? पुण्याचा भाचा म्हणतो, "मावशी, आर्च घे, मे महिन्यात येऊन बसवून देतो." दुसरीकडे डेबियनची फाइल एक जीबीच्याही आत दिसली, तिचा मोह होतोय, कारण माझं नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, रोज दीड जीबी.

कामं: दाखल नोंदवही एक्सेलमध्ये, वार्षिक अहवाल (जुने सगळे श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये), ईमेल, एचपीचा जुना लेझर प्रिंटर. मराठी मी इनस्क्रिप्ट कीबोर्डनं टाइप करते. दुसरं काही शिकायचं वय नाही, म्हणजे इच्छा नाही.

टर्मिनलपंत

ताई, डिस्ट्रोवॉचच्या नंबरावर जाऊ नका. त्या साइटवर एखाद्या डिस्ट्रोचं पान रोज किती वेळा उघडलं गेलं, तेवढंच तो आकडा सांगतो. किती लोक ती वापरतात याच्याशी त्याचा संबंध नाही. लग्नात कुणाच्या पंगतीत जास्त लोक डोकावले यावरून जेवण ठरवण्यासारखं आहे ते.

भाच्याला म्हणावं, आर्च छान आहे, पण तुझ्या मशीनवर. भाचा मे महिन्यात येणार आणि मशीन जुलैत अडकणार. आर्चला सतत अपडेट लागतात, ते दीड जीबीच्या हॉटस्पॉटवर करणार कोण?

माझं मत: लिनक्स मिंट ही डिस्ट्रो, तिची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. मिंट २२ ची मालिका उबुंटू या दुसऱ्या डिस्ट्रोच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे, २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. मिंटची सिनॅमन आवृत्ती दिसायला देखणी, पण ४ जीबीत एक्सएफसीई हलकं पडतं. तरी एक सांगून ठेवतो: रॅम खाणार ब्राउझर. दहा टॅब उघडलेत तर कुठलीच डिस्ट्रो वाचवणार नाही. आणि तुमचा केर काढून होईपर्यंतचा उशीर त्या फिरत्या डिस्कमुळे आहे. अनुदान आलं की आधी एक छोटी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका, लिनक्स असो की नसो.

बाप्पा_डेबियनवाले

मी पंचवीस वर्षं डेबियनवर आहे, तरी पंतांशी सहमत. ताईंना दिसलेली छोटी फाइल म्हणजे नेटइन्स्टॉल. ती नुसती दाराची चावी, घरातलं सामान ती बसवताना नेटवरून आणते. रात्री अर्ध्यावर पॅक संपला की बसा. मिंटच्या फाइलमध्ये सगळं आत असतं, लिबरऑफिससकट, म्हणून ती तीन जीबीच्या आसपास आहे.

पुढे कधी कोहा, म्हणजे ग्रंथालयाचं मुक्त सॉफ्टवेअर, बसवायचं झालं तर ते मुख्यतः डेबियन-उबुंटूवर चालतं. तेव्हा मला हाक मारा.

उतरवताना ब्राउझर वापरू नका, टोरेंट (फाइल तुकड्या-तुकड्यांनी उतरवायची पद्धत) घ्या. आज अर्धी, उद्या उरलेली. प्रत्येक तुकडा तोच तपासून घेतो. सरळ फाइल घेतलीत तर शेवटी एसएचए२५६ ची बेरीज (फाइल जशीच्या तशी आली का हे सांगणारी ओळ) पडताळाच. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल नावाची कमांड आधीच असते. हे सोवळं नव्हे: २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटच्याच साइटवर हल्ला झाला होता आणि सिनॅमन १७.३ च्या लिंकवरून चोरदार बसवलेली फाइल लोकांना मिळत होती.

टर्मिनलपंत

बाप्पांनी चोरदार काढलं म्हणून ताई घाबरतील. ताई, तुमच्याकडे बेरीज जुळली नाही तर नव्वद टक्के वेळा कारण एकच: नेट तुटलं.

आता मुख्य काम, आणि ते डिस्ट्रो निवडण्याच्याही आधीचं. श्रीलिपीतल्या जुन्या फाइली विंडोज जिवंत असतानाच युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) करून घ्या. तो फॉन्ट लिनक्सवर टाकता येईल, पण अक्षरांचे क्रमांक जुन्या पद्धतीचे, जोडाक्षरं कुठे कशी फुटतील सांगता येत नाही. अठरा वर्षांचे अहवाल चौकोन-चौकोन दिसले तर मला शिव्या बसतील.

फाइल रुफस या विंडोजमधल्या प्रोग्रामनं पेनड्राइव्हवर चढवा, मशीन जुनं असेल तर त्यात एमबीआर (डिस्कची जुनी मांडणी) निवडा. पेनड्राइव्हवरूनच मिंट सुरू होतं, डिस्कला हात न लावता. तसं दोन दिवस वापरा. प्रिंटर, आवाज, मराठी टायपिंग, सगळं बघा. नेटसाठी फोन यूएसबीनं जोडून टेदरिंग (फोनचं नेट कॉम्प्युटरला देणं) चालू करा, वायफायचा डोंगल शोधत बसू नका.

देवघेव_खिडकी

मंडळी, हिशेब देते. पहिल्यांदा ब्राउझरनेच उतरवली (सवय). दुसऱ्या दिवशी पाऊण भागावर लाईट गेली. मग टोरेंट. दोन रात्रीत झाली, बेरीजही जुळली. चौसष्ट अंकी-अक्षरी ओळ मी पट्टी लावून एकेक अक्षर बघितली. पंत, हसू नका.

पेनड्राइव्हवरून मिंट चालू केलं. पाच मिनिटं लागली, पण लागली ती पेनड्राइव्हची. प्रिंटर त्याने स्वतःच ओळखला, फक्त एक जादा तुकडा नेटवरून मागून घेतला. इनस्क्रिप्टला मात्र अर्धा तास गेला. 'मराठी' दिसेना, शेवटी कीबोर्डच्या यादीत भारताखाली सापडलं. 'ळ' जिथल्या तिथे आहे, एवढं बघितलं आणि चहा केला.

डिस्कवर अजून बसवलं नाही. २००९ ते २०१४ चे अहवाल युनिकोडमध्ये झाले, पुढचे चालू आहेत. 'ग्रंथालय' शब्दातला 'ग्रं' दर वेळी फुटतो आणि हाताने दुरुस्त करावा लागतो. अहवालात तो शब्द किती वेळा येतो हे मला आत्ता कळलं.

बाप्पा_डेबियनवाले

ताई, लिबरऑफिसमध्ये 'शोधा आणि बदला' आहे. फुटलेला 'ग्रं' एकदा कॉपी करून वरच्या खिडकीत टाका, नीट केलेला खाली, आणि 'सर्व बदला'.

देवघेव_खिडकी

बाप्पा, हे आठ दिवस आधी सांगायचं होतं.