प्रूदाँचं 'फेडरेशन': संघराज्य, राज्यसंघ की आणखी काही?

प्रश्न: फ्रेंच विचारवंत प्रूदाँच्या १८६३ च्या फेडरेशनवरच्या पुस्तकाबद्दल टिपण लिहितोय. जागोजागी 'संघराज्य' लिहिलंय, पण वाचताना खटकतं. १८४० मध्येच स्वतःला अराजकवादी म्हणवून घेतलेला माणूस 'राज्य' कशाला मागेल? दुसरा शब्द सुचवा.

उत्तर: खटकतंय ते योग्यच. नागरिकशास्त्रात केंद्र भक्कम असेल तर संघराज्य, आणि घटक सार्वभौम राहून ठरावीक कामांपुरते एकत्र आले तर राज्यसंघ. १८१५ चा जर्मन 'बुंड' (जर्मन राज्यांचा संघ) हा राज्यसंघाचा सरळ नमुना: चाळीसेक राज्यं, फ्रांकफुर्टला त्यांच्या प्रतिनिधींची सभा, अध्यक्षपद ऑस्ट्रियाकडे. १८६६ ला ऑस्ट्रियाची प्रशियाशी जुंपली आणि बुंड आटोपला. पण तो झाला राजेरजवाड्यांचा मामला.

प्रूदाँ मुळात जातो लॅटिन 'फोएदुस'कडे, म्हणजे करार, तह. त्याची अट अशी की करार करणाऱ्यानं जेवढे हक्क सोडायचे, त्याहून जास्त स्वतःकडे राखायचे. गावालाही हेच लागू, प्रांतालाही. केंद्राचे अधिकार गावा-प्रांतांच्या अधिकारांहून वरचढ होता कामा नयेत. इटालियन क्रांतिकारक मॅझिनीला हवी असलेली एकसंध इटली त्याला याच कारणासाठी नको होती. युरोप तर एका संघात मावणारच नाही, फार तर संघांचा संघ होईल, असं तो म्हणतो. तिथे 'संघराज्यांचं संघराज्य' लिहून बघा, अर्थाचं पार भजं होतं. मी 'करारसंघ' लिहीन.

दुसरं मत: करारसंघ? कंत्राटी कामगारांची युनियन वाटते हो! शिवाय नावावरून व्यवस्था ओळखायला गेलात तर स्वित्झर्लंडला अडकाल. नोव्हेंबर १८४७ मध्ये सात कॅथलिक कँटनांची (कँटन म्हणजे स्वित्झर्लंडचं घटक राज्य) फळी मोडली, १८४८ ला नवी घटना आली, राज्यसंघाचं संघराज्य झालं. फ्रेंच नाव मात्र आजही 'कॉन्फेडरेशन'. जर्मन नावाचा अर्थ तर शपथेनं बांधलेल्यांची मंडळी! साधं 'संघ' लिहा आणि मोकळे व्हा.

उत्तर: युनियनचा टोला मान्य. पण नुसता 'संघ' म्हटला की आपला वाचक भलतीकडेच जातो. आणि दुसरी अडचण मोठी आहे. आपल्या घटनेच्या पहिल्याच कलमात भारत 'राज्यांचा संघ' आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी त्याचं कारण सांगितलं: हा संघ राज्यांच्या करारातून जन्मलेला नाही, म्हणून कुणाला फुटून निघण्याचा हक्क नाही. प्रूदाँचा सगळा डोलारा करारावर उभा. दोघांना एकच शब्द कसा चालेल?

प्रश्नकर्ता: पटलं, करारसंघच लिहितो. पहिल्यांदा येईल तिथे अर्थ खुलासेवार देईन. आता स्पेन. तिथला प्रजासत्ताकवादी नेता पि इ मार्गाल यानं १८६८ ला हेच पुस्तक स्पॅनिशमध्ये आणलं, आणि १८७३ च्या उन्हाळ्यात महिनाभर प्रजासत्ताकाची सूत्रंही त्याच्याकडे आली. त्याच धामधुमीत कार्ताखेना या बंदराच्या शहरानं स्वतःला 'कँटन' जाहीर केलं, स्वतःची नाणी पाडली आणि जानेवारी १८७४ पर्यंत तग धरला. याला 'बंडखोर प्रांत' म्हणू का?

उत्तर: नको. कार्ताखेनावाल्यांना स्पेनमधून फुटायचं नव्हतं. माद्रिदच्या हुकमाची वाट न बघता खालूनच संघ बांधायचा होता. कँटनच राहू द्या.